मंगळवारपर्यंत

ज्ञानदा राऊळला तुर्की येतं, हे तुळिंजमध्ये कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिला स्वतःलाही ते फारसं खरं वाटत नसे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने मुंबईतल्या एका संस्थेत जर्मनसाठी अर्ज केला होता. जर्मनचा वर्ग भरला होता. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तुर्कीला सहाच जण आहेत, त्यात बसा. ती बसली. शिकवणारे सर अंकारातल्या आपल्या वकिलातीत नोकरी करून निवृत्त झालेले होते. मंगळवारला तुर्कीत 'साली' म्हणतात असं त्यांनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. वर्षाअखेरीला प्रमाणपत्र मिळालं. मग लग्न झालं, नालासोपाऱ्यात तुळिंजला वन-रूम-किचन घेतलं, आणि ते प्रमाणपत्र रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन पडलं.

आठ वर्षांनी, १९९९च्या जूनमध्ये, तिच्या नवऱ्याने ते बाहेर काढलं.

सिद्धेश वालीवला परेशभाईंच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तिथे रेक्झिनची टेबलक्लॉथं आणि बाळांखाली घालायची शीटं बनत. इस्तंबूलच्या एका व्यापाऱ्याला नाच शिकायच्या चटया हव्या होत्या. प्लॅस्टिकवर उजव्या-डाव्या पावलांचे ठसे, त्यावर आकडे, आणि सोबत चोवीस पानांची पुस्तिका. पुस्तिका इंग्रजीत तयार होती. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून परेशभाईंनी लिहून टाकलं की तुर्की भाषांतरही आम्हीच करून देऊ. ऑर्डर आली तेव्हा त्यांनी ऑफिसात विचारलं, "अब ये टर्किश कोण करणार?" आणि सिद्धेश म्हणाला, "माझी बायको."

"मला विचारायचं तरी," ज्ञानदा म्हणाली.

"सर्टिफिकेट आहे ना तुझ्याकडे?"

"दुकानात साबण मागण्यापुरतं येतं हो मला."

"मग पुढचं डिक्शनरीत बघ. मी हो म्हणून बसलोय."

त्या दिवसापासून तिची झोप हलकी झाली. चुकलं तर सिद्धेशचं नाव खराब होणार होतं, आणि चुकलं हे कळायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. पहिल्याच पानावर तिच्या लक्षात आलं की तुर्की तर दूरच, आपल्याला इंग्रजीही कळत नाहीये. 'नॅचरल टर्न' म्हणजे काय? गिरकीत नैसर्गिक काय असतं? 'बॉल ऑफ द फूट' म्हणजे पायाचा कुठला चेंडू?

सिद्धेशच्या कारखान्यातला एक फिटर वसईजवळच्या गिरीज गावचा होता. त्याने क्लेमेंट अंकलचं नाव सुचवलं. गावात लग्न ठरलं की नवरा-नवरीला वॉल्ट्झ शिकवायचं काम क्लेमेंट अंकलकडे असे. सत्तरीचा उंच, बारीक माणूस. त्याने पुस्तिका हातात घेतली, चष्मा वर केला, आणि ओटीवरच्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

"वाचून नाय कळणार, बाय," तो म्हणाला. "चप्पल काढ."

त्याची बायको कार्मिन केळीची पानं पुसत बसली होती. तिला त्याने हाताला धरून उठवलं. दोघं ओटीवर फिरू लागली आणि क्लेमेंट फिरता फिरता सांगत गेला. उजवीकडे वळणं ते नॅचरल, डावीकडे ते रिव्हर्स. बॉल म्हणजे बोटांच्या मागचा हा फुगीर भाग. आणि लीड म्हणजे ढकलणं नव्हे. त्याचा पंजा कार्मिनच्या पाठीवर नुसता टेकलेला होता. तो जरा कलला की ती वळत होती. ज्ञानदाने वहीत लिहून घेतलं. मग कार्मिन आंटीने तिला स्वतःच उभं केलं आणि तिच्याकडून पावलं करून घेतली. आठवड्यातून दोनदा एसटी बदलून ती गिरीजला जाऊ लागली.

जुलैत पहिली सहा पानं फॅक्सने गेली. इस्तंबूलच्या व्यापाऱ्याने ती तपासायला एका नाच शिकवणाऱ्या बाईंकडे दिली होती. त्यांचं नाव नेर्मिन, गाव यालोवा, समुद्रकाठचं. त्यांनी सरळ वालीवलाच उत्तर पाठवलं.

पानं परत आली ती जागोजागी खोडलेली. 'पार्टनर'साठी ज्ञानदाने जो शब्द घातला होता, तो दुकानातल्या भागीदाराचा होता. नेर्मिनबाईंनी शेजारी एक छोटं दुकान काढून त्यावर फुली मारली होती आणि 'एश', म्हणजे जोडीदार, असं लिहिलं होतं. बॉलच्या जागी ज्ञानदाने खरोखरच चेंडू लिहिला होता. तुर्कीत पायाच्या त्या भागाला पायाची फणी म्हणतात. आणि 'पुरुष लीड देतो' या वाक्यात डिक्शनरीतला पहिला शब्द पडला होता, 'कुर्शुन'. त्याचा अर्थ शिसं, आणि बंदुकीची गोळीही. पुरुष बाईला गोळी देतो, असं ते वाक्य झालं होतं. समासात एक पिस्तूल काढलेलं होतं.

ज्ञानदाने आधी पानं उलटी ठेवली. परेशभाईंना ही पानं दाखवायची कशी? पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते तिने शब्द शब्द लावून वाचलं. हिंदुस्थानातून कुणी आपल्या भाषेत लिहितंय याचं फार कौतुक वाटतं. पुढची पानं पाठवा, घाबरू नका.

तिथून काम पुढे सरकलं. पानं जात, खोडून परत येत. खालच्या बारीक अक्षरातल्या ओळी वाढत गेल्या. नेर्मिनबाईंना गुडघेदुखी होती. त्यांचे वडील फुलांची शेती करत. ज्ञानदाने लिहिलं, आमच्या वसईतही फुलं होतात, पहाटे मुंबईला जातात. या एका वाक्याला तिला अर्धा तास लागला, पण नेर्मिनबाईंनी त्यात एकच अक्षर दुरुस्त केलं. फॅक्सचा कागद काही दिवसांनी पुसट होतो म्हणून ज्ञानदा प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवू लागली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची चार पानं उरली. शुक्रवारी, तेरा तारखेला, नेर्मिनबाईंचा फॅक्स आला की रविवारी मी बहिणीकडे बुर्साला जातेय, आठ-दहा दिवसांनी परतले की शेवटची पानं बघते. परेशभाईंनी विचारलं काय लिहिलंय, आणि ज्ञानदाने सांगितलं.

"दस दिन? नाय जमणार," ते म्हणाले. "छापखान्याला तारीख दिलीय. ज्ञानदाबेन, तुम्ही लिहा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

सिद्धेश समोरच उभा होता. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने टेबलावरच बसून लिहिलं, ल्युत्फेन गितमेयिन. कृपा करून जाऊ नका. चार पानांपुरतं थांबा, सोमवारी पाठवते. डिक्शनरी न उघडता तिने लिहिलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते लिहिताना तिला आतून जरा बरंही वाटलं होतं.

शनिवारी उत्तर आलं. 'पेकी', म्हणजे बरं. 'मंगळवारपर्यंत थांबते.'

सोमवारी दुपारी ज्ञानदाने चारही पानं पाठवली. मशीनने पोच दिली.

मंगळवारी ती सकाळी दहालाच वालीवला जाऊन बसली. बारा वाजले, दोन वाजले. मशीन दोनदा वाजलं, पण ते फॅक्स भिवंडीचे होते. चारला तिने यालोव्याचा नंबर लावून पाहिला. काही क्षण नुसती खरखर, मग लाईन तुटली. बाई निघून गेल्या असतील, असं म्हणून ती घरी आली. संध्याकाळच्या बातम्या लावल्या तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. तुर्कस्तानात पहाटे मोठा भूकंप झाला होता. इमारती एकावर एक बसलेल्या दिसत होत्या, आणि लोक हातांनी सिमेंट उचलत होते. नकाशात इस्तंबूल होतं, आणखी एक-दोन नावं होती. यालोवा नव्हतं.

"त्यात तुझ्या बाईंचं गाव नाही ना?" सिद्धेशने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

बुधवारच्या पेपरात ते होतं. आतल्या पानावर, चौथ्या ओळीत.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. स्वयंपाक होत होता, पाणी भरलं जात होतं, शेजारणीशी बोलणंही होत होतं. पण दर वेळी ती त्याच हिशोबाशी येऊन थांबे: रविवारी त्या बुर्साला जाणार होत्या, मी त्यांना मंगळवारपर्यंत थांबवलं, आणि भूकंप मंगळवारी पहाटे तीनला झाला. तिला कुणी दोष देत नव्हतं, कारण कुणी हा हिशोब मांडलाच नव्हता. परेशभाई तो फॅक्स विसरले होते. सिद्धेशला तुर्की येत नव्हतं. त्याला वाटलं होतं, बाई कबूल झाल्या, काम झालं. कशाला कबूल झाल्या, किती दिवसांसाठी, हे फक्त ज्ञानदाला माहीत होतं.

तिने फॅक्स पाठवायचं ठरवलं. पण लिहायचं काय? तिच्या तुर्कीत डावं पाऊल पुढे होतं, वजन उजव्या पायावर घेणं होतं, फुलं होती, साबण होता. तुम्ही जिवंत आहात का, हे विचारायला सभ्य वाक्य नव्हतं. जुन्या पुस्तकात आजाऱ्याला भेटायला जाण्याचा धडा होता. त्यात 'गेचमिश ओल्सुन' सापडलं, म्हणजे हे टळून जावो. तेवढं आणि 'खबर द्या' एवढंच तिने लिहिलं. खबरीला तुर्कीत 'हाबेर' म्हणतात. तुळिंज रोडवरच्या आयएसडी बूथमधून तिने ते पाठवून पाहिलं. सलग सहा दिवस. बूथवाली सीमा आधी पुन्हा पुन्हा नंबर लावून देत असे. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "ताई, तिकडे मशीनच नाहीये वाटतं. नुसतं टूं टूं करतंय." सातव्या दिवसापासून ज्ञानदा तिकडे गेली नाही.

परेशभाईंनी इस्तंबूलला विचारलं. तिथला व्यापारी सुखरूप होता. नेर्मिनबाईंबद्दल त्याने एवढंच कळवलं की यालोव्याचे फोन बंद आहेत, काही माहिती नाही.

"ते म्हणतात, तुम्ही तुमच्या अंदाजाने संपवून टाका," परेशभाई म्हणाले. "तुम्ही करू शकता ना?"

"करू शकते," ज्ञानदा म्हणाली. "पण थोडं थांबा."

"किती?"

परेशभाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कॅलेंडर उलटलं. "वीस पानं छापायला देतो. चार ठेवतो गणपतीपर्यंत. त्याच्यापुढे नाय."

त्या चार पानांतल्या शंका घेऊन ती गिरीजला गेली. क्लेमेंट अंकल चर्चच्या कामाला गेला होता. कार्मिन आंटी मागच्या अंगणात बोंबील साफ करत होती. ज्ञानदा तिच्याजवळ पाटावर बसली, वही उघडली, आणि नाचाचं काही विचारायच्या ऐवजी तिने सगळं सांगून टाकलं. सांगताना ती वहीकडेच बघत होती.

कार्मिनने हात थांबवले नाहीत. बोंबील साफ करता करताच तिने विचारलं, "पुरं नाव काय त्यांचं?"

"नेर्मिन."

"आडनाव?"

ज्ञानदाला आडनाव माहीत नव्हतं. दीड महिना रोज जिचं अक्षर वाचलं, जिच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिचं आडनाव आपण कधी विचारलं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. पेपरात यादी आली असती तरी तिला ती शोधता आली नसती. तेव्हा पहिल्यांदा तिला रडू आलं.

कार्मिन उठली, हात धुतले आणि पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला. "रविवारी मिसाला मी फादरांना नाव देते. नेर्मिन एवढंच देते."

"मेलेल्यांसाठी नको देऊ, आंटी."

"जिवंतांसाठी पण मागतात," कार्मिन म्हणाली. "त्यातच देते." मग खाली बसत म्हणाली, "तुझं चुकलं की नाय ते मी नाय सांगणार. मला नाय ते कळत. पण नवऱ्याला सांग तुझ्या. एकटीने नको घेऊन फिरू."

ज्ञानदाने मान हलवली, पण सांगितलं नाही. त्या शुक्रवारी सिद्धेशने बाईंना थांबवायला सांगितलं नव्हतं, पण तो समोर उभा होता. सांगितलं तर तो म्हणेल, म्हणजे माझ्यामुळे. किंवा म्हणेल, तुझं काय त्यात. दोन्ही ऐकायची तिची तयारी नव्हती. टीव्हीवर आता तुर्कस्तान शेवटी दाखवत, अर्धा मिनिट. मेलेल्यांचा आकडा रोज बदलत होता. मग दाखवेनासेही झाले.

गणपती चार दिवसांवर आले. त्या गुरुवारी सकाळी सिद्धेशने शेजारच्या जोशींच्या फोनवर निरोप ठेवला, ज्ञानदाला लगेच वालीवला पाठवा. का, ते सांगितलं नव्हतं. शेअर रिक्षात बसल्यावर तिला समोरचं काही दिसेना. निरोप दिला म्हणजे काहीतरी आलंय. चांगलं असतं तर सिद्धेशने सांगितलं नसतं का? की त्याला वाचताच आलं नसेल?

त्याला वाचता आलं नव्हतं. टेबलावर दोन पानांचा फॅक्स होता. सिद्धेश आणि परेशभाई दोन बाजूंना उभे होते. अक्षर दिसताच ती खुर्चीत बसली. अक्षर नेर्मिनबाईंचं होतं.

"काय म्हणतात?" परेशभाईंनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "वाचू द्या."

वाचायला वीस मिनिटं लागली. फॅक्स बुर्साहून, बहिणीच्या घरून होता. नेर्मिनबाईंनी सुरुवातीलाच क्षमा मागितली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं, त्यांनी लिहिलं होतं. मंगळवारपर्यंत थांबते म्हणाले, पण सोमवारी फार उकडत होतं आणि खरं सांगते, मला तुमच्या पानांचा कंटाळा आला होता. ती टेबलावर तशीच ठेवून मी संध्याकाळची बस पकडली. परत येऊन बघेन, तुम्हाला कुठे कळणार, असा विचार केला. आता ते टेबलही नाही. आमची इमारत पडली. खालच्या वहीपेन्सिलींच्या दुकानातलं मशीन मी वापरत होते. ते दुकान रिफात बेंचं, म्हणजे रिफातरावांचं. तुमचे फॅक्स तेच वर आणून द्यायचे. ते आणि त्यांची बायको दुसऱ्या मजल्यावर राहत होते. दोघंही गेली. दोन आठवडे मला काहीच करता आलं नाही. आता हाताला काम हवंय. ती चार पानं परत पाठवाल का?

ज्ञानदाने हे सगळं मोठ्याने, अडखळत, मराठीत सांगितलं. सांगताना 'खोटं सांगितलं'पाशी तिचा आवाज फुटला. परेशभाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि ते बाहेर गेले. सिद्धेश तिच्याकडे बघत होता.

"अगं, बाई वाचल्या," तो म्हणाला. "मग तू अशी का?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी पानं पाठवू द्या."

तिने चारही पानं पुन्हा मशीनमध्ये घातली. वर एक चिठ्ठी जोडली. काय लिहावं याचा तिने बराच वेळ विचार केला. बाई वाचल्या याचा आनंद तिच्या अंगात मावत नव्हता, आणि ज्या माणसाने जिना चढून तिचे कागद वर पोचवले होते, तो नव्हता. रिफात बेंना मुलं होती का, कुठे आहेत, हे तिने विचारलं. आणि आपलं पूर्ण नाव लिहून विचारलं, तुमचं आडनाव काय?

घरी परतताना दोघं वालीवच्या नाक्यापर्यंत चालत गेली. कारखान्यांची जेवणाची सुट्टी झाली होती, रस्त्यावर गर्दी होती. त्या गर्दीतच तिने त्याला शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं. ल्युत्फेन गितमेयिन म्हणजे काय ते सांगितलं. सीमाच्या बूथचं आणि कार्मिन आंटीचंही सांगितलं. सिद्धेश ऐकत चालत राहिला. नाक्यावर येऊन त्याने रिक्षाला हात केला आणि मग तो हात खाली घेतला.

"तेवीस दिवस," तो म्हणाला. "तेवीस दिवस तू हे एकटीने..."

"तुम्हाला काय सांगणार होते?"

"मी तिथेच उभा होतो ना तेव्हा. परेशभाईंना नाही म्हणता आलं असतं मला. म्हटलं नाही." रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सिद्धेशने त्याला जा म्हणून खूण केली. "चल, चालतच जाऊ थोडं."

सातिवलीच्या बाजूने ती दोघं चालत राहिली. एका टपरीवर चहा घेतला तेव्हा सिद्धेशने विचारलं, आडनाव कळलं की गिरीजला आपण दोघं जाऊ या का, त्या आंटींना सांगायला. ज्ञानदा हो म्हणाली.

पानं गणपतीच्या आदल्या दिवशी परत आली. एकूण अकरा चुका होत्या, आणि समासात एकही चित्र नव्हतं. खाली सही होती, पूर्ण नावाची.